पोटभर खाऊन मासे का मेले?

मुलांनो, आज मी तुम्हांला माझी एक चूक सांगणार आहे. बाईंची चूक ऐकायला मजा येते ना? मग ऐका!

मी नाशिकला द्वारका भागात राहते आणि जवळच्याच एका प्राथमिक शाळेत शिकवते. एकदा 'पाण्यातले जीव' शिकवताना मी काचेच्या मोठ्या बरणीत पाच छोटे मासे वर्गात आणले. मुलं एकदम खूश! जो तो आपल्या डब्यातला पोळीचा तुकडा बरणीत टाकू लागला. मीही अडवलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहते तर काय, पाणी गढूळ झालेलं, वास सुटलेला आणि पाचही मासे उलटे तरंगत होते.

पहिल्या बाकावरची एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "बाई, आपण तर त्यांना पोटभर खायला दिलं. मग ते का मेले?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन पुस्तकं काढली आणि कळलं, की मासे उपाशी नव्हे, गुदमरून मेले होते!

मासे पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांनी घेतात. पण पाण्यात तो मावतो किती? ३० अंश तापमानाला एका लिटरमध्ये जेमतेम सात-साडेसात मिलिग्रॅम. पाणी जितकं गरम, तितका तो कमी. आमची पोळी बरणीत कुजली. ती कुजवणाऱ्या जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. त्यांनी तो संपवला आणि माशांना उरलाच नाही.

तळ्यातही हेच घडतं, बरं का! सांडपाणी, साबणाचा फेस, शेतातून वाहून आलेलं खत ही तळ्याची 'पोळी'. ती मिळाली की शेवाळ माजतं. दिवसा शेवाळ प्राणवायू तयार करतं, पण रात्री ऊन नसल्यामुळे तेही नुसता वापरतं. शिवाय मेलेलं शेवाळ कुजतं ते वेगळंच. म्हणून पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. तेव्हा मासे वर येऊन तोंडं उघडझाप करताना दिसले, तर ते खेळत नसतात. त्यांचा जीव घुसमटत असतो.

त्या हिवाळ्यात आम्ही निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला सहल नेली. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला. त्यामागे गाळ साचून उथळ पाणथळ तयार झाली. १९८६ मध्ये तिथे अभयारण्य झालं. २०१९ मध्ये ती महाराष्ट्रातली पहिली 'रामसर' पाणथळ ठरली, म्हणजे साऱ्या जगाने जपायची जागा! तिथे चोवीस जातींचे मासे नोंदले आहेत. त्यांतला एक इवलासा मासा तर आपल्या देवळालीच्या नावाने ओळखला जातो, देवळाली मिनो. १९३८ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन केलं. आज तो जगातून नाहीसा होण्याच्या अगदी काठावर आहे.

पाण्यावर एके ठिकाणी हिरवागार गालिचा दिसला. एक मुलगा ओरडला, "बाई, क्रिकेटचं मैदान!" ते मैदान नव्हतं, त्या होत्या पाणवेली. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती सांडपाण्यावर पोसते. तिच्याखाली ना ऊन पोहोचतं, ना वारा.

तेवढ्यात तीच मुलगी हळूच म्हणाली, "बाई, आपल्या बरणीतली पोळी इथपर्यंत आली का?"

काय सांगू तुम्हांला! मी गप्पच झाले. आमच्या भागातली नासर्डी टाकळीला गोदावरीला मिळते आणि ती गोदावरी इथे येते. शहरात सांडपाणी शुद्ध करण्याची केंद्रं आहेत, पण सगळंच पाणी शुद्ध होऊन नदीत जात नाही. आणि दर सणाला पिशवीभर निर्माल्य पुलावरून टाकणारी मी स्वतःच होते!

आता आमच्या घरचं निर्माल्य कुंडीत जातं, त्याचं खत होतं. कपडे धुताना साबणाची पूड मी मोजून घेते. एवढ्याने नदी स्वच्छ होणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण निदान त्या मुलीच्या नजरेला नजर देता येते.

तुमच्या गावच्या तळ्यावर एकदा पहाटे घरच्या मोठ्या माणसांबरोबर जा. पाण्याचा रंग पाहा, वास घ्या, मासे वर येऊन तोंड उघडतात का ते बघा. आणि माशांना कणकेचे गोळे टाकायला कोणी हात उचललाच, तर त्यांना आमच्या बरणीची गोष्ट जरूर सांगा!