उंचीचा पंचनामा

विमानांच्या विक्रमांवर कृषी अधिकाऱ्याने काय लिहावे, असे तुम्हाला वाटेल. पण पीक स्पर्धेत ज्यांनी माझ्याबरोबर दोरी धरून तुकडा आखला आहे, त्यांना ही गोष्ट घरचीच वाटेल.

२१ जून १९७२ रोजी ज्याँ बुले या फ्रेंच वैमानिकाने ‘लामा’ हेलिकॉप्टर १२,४४२ मीटर उंच नेले. म्हणजे एव्हरेस्टच्याही साडेतीन हजार मीटर वर! वजन घटावे म्हणून नको ते सामान आधीच काढले होते. तिथे हवा इतकी विरळ, की पात्यांना पकड मिळत नाही. थंडी शून्याखाली साठ अंशांहून अधिक. उतरण्यासाठी त्यांनी इंजिनाचा जोर कमी केला, तर इंजिनच विझले. मग खालून येणाऱ्या वाऱ्यावर पाती पवनचक्कीसारखी फिरत ठेवून बुले सुखरूप खाली आले. हे लामा मुळात आपल्या हिमालयासाठी, भारताच्या मागणीवरून घडवलेले. बंगळुरूच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सने ते ‘चीता’ नावाने बांधले आणि सियाचीनच्या जवानांना त्याने रसद पोचवली.

असे विक्रम तपासून नोंदवणारा आंतरराष्ट्रीय महासंघ १९०५ सालचा आहे. हेलिकॉप्टरचे वजनाप्रमाणे गट पाडतात. आपण कोरडवाहूची तुलना बागायताशी करतो का? आणि नुसत्या तोंडच्या आकड्याला तिथे किंमत नाही. १९८८ साली इंग्लंडहून भारतात एकट्याने छोटे मायक्रोलाइट विमान आणणारे विजयपत सिंघानिया २६ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईतून गरम हवेच्या फुग्यातून वर गेले आणि सिन्नर तालुक्यात पांचाळे येथे उतरले. फुग्याला इंजिन नसते, पण मोजणीचा काच तोच. प्रथम २१,२९० मीटर उंची जाहीर झाली. तपासणीनंतर नोंद झाली २१,०२७ मीटरची. तरीही तो जागतिक विक्रमच ठरला.

हे वाचले की मला मंठा तालुक्यातले एक शेतकरी आठवतात. ज्वारीच्या स्पर्धेत त्यांचे नाव होते. कापणीच्या दिवशी माझी मोटारसायकल वाटेत बंद पडली. पोचलो दुसऱ्या दिवशी. आभाळ भरून आले म्हणून त्यांनी कणसे खुडून, रास करून पोती घरात घेतली होती. पोती त्यांनी दाखवली. एवढी ज्वारी त्या शिवारात मी पाहिली नव्हती. पण तुकडा पंचांसमोर कापलेला नाही, म्हणून अर्ज बाद. त्यांनी मला चहा दिला, बोलले काहीच नाहीत. ते न बोलणे फार लागले.

पुढच्या साली त्यांनी पुन्हा अर्ज भरला. मी आदल्या संध्याकाळीच जाऊन त्यांच्या ओसरीवर मुक्काम केला. त्या साली पाऊस रुसलेला, कणसे बोटभर. तरी आम्ही दोरी लावून तुकडा कापला, पंचांसमोर वजन केले आणि आला तो आकडा लिहिला.