विचारण्याआधीच ठरलेलं

बायबलमधल्या 'नीतिसूत्रे' या पुस्तकात एक इशारा दोनदा येतो, चौदाव्या अध्यायात आणि पुन्हा सोळाव्यात. माणसाला जी वाट सरळ वाटते तिचा शेवट मरणात असू शकतो, असा त्याचा आशय. नक्कल करणाऱ्याच्या हातून झालेली पुनरुक्ती म्हणून तो सोडून देता येईल. मला तो मुद्दाम दोनदा घातलेला वाटतो. वाईट दिसणाऱ्या वाटेबद्दल सावध करायला शहाणा माणूस लागतोच कशाला?

लोटचंच पाहा. काका अब्राम म्हणतो, आधी तू निवड. यार्देनेचं खोरं मिसर देशासारखं पाणीदार दिसतं आणि लोट तिकडे गुरं हाकतो. पाण्याकडे जाणाऱ्या गुराख्याला मूर्ख कसं म्हणायचं? त्याच खोऱ्यात सदोम होतं, एवढंच.

पण मला जास्त अस्वस्थ करतो तो योहानान बिन कारेह. इ.स.पू. 586 च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळलं आणि मागे उरलेल्या गोरगरिबांवर गदल्या नावाचा अधिकारी नेमला. तुझ्या जिवावर इश्माएल नावाचा माणूस उठलाय, हे योहानानने गदल्याला आधीच सांगितलं होतं. त्याला ते खोटं वाटलं. मिस्पाला एकत्र जेवताना इश्माएलने त्याला मारलं. इश्माएलने पळवून नेलेल्या माणसांना सोडवून आणलं तेही योहानाननेच. इशारा न ऐकण्याची किंमत काय असते, हे त्याच्याइतकं कोणी जवळून पाहिलं नव्हतं.

या हत्याकांडात बाबेलचे शिपाईही मेले होते, तेव्हा सूड घेतला जाईल ही भीती वाजवीच होती. योहानानची मंडळी मिसरला जायच्या इराद्याने बेथलेहेमजवळ येऊन थांबली आणि मग यिर्मया संदेष्ट्याला म्हणाली, देवाला विचार. उत्तर आवडो न आवडो, आम्ही मानू. बोचकी बांधून झाल्यावर मुहूर्त विचारणारे आपल्याकडेही काही कमी नाहीत.

उत्तर यायला दहा दिवस लागले. खरं तर यिर्मया तिथल्या तिथे बोलू शकला असता. बाबेलबद्दल तो वर्षानुवर्षं बोलतच आला होता. तरी तो थांबला. विचारणारे मात्र होकाराची वाट पाहत होते. उत्तर आलं: इथेच राहा, ज्या तलवारीला भिऊन पळताय ती तिथेही गाठेल. त्यावर योहानान आणि त्याचे सोबती म्हणाले, तू खोटं बोलतोस, तुझा लेखनिक बारूख तुला आमच्याविरुद्ध फितवतोय. 'आम्हाला जायचंच आहे' एवढं म्हणाले असते तर निदान प्रामाणिक तरी ठरले असते. वर ते यिर्मया आणि बारूख दोघांनाही सोबत घेऊन गेले.

मिसरच्या सीमेवर तहपन्हेसला यिर्मयाने फारोच्या वाड्याच्या दाराशी मोठे दगड पुरले: बाबेलच्या राजाचं सिंहासन इथे मांडलं जाईल, ही त्यामागची खूण. 1886 मध्ये पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीला, तहपन्हेस मानल्या जाणाऱ्या तेल देफेन्ने इथे, किल्ल्यापुढे विटांचा चौथरा सापडला आणि त्याने त्याचा संबंध याच प्रसंगाशी जोडला. ते अवशेष आसपासच्या लोकांत 'यहुद्याच्या मुलीचा वाडा' म्हणून ओळखले जात. चौथरा सापडल्याने भाकीत खरं ठरत नाही, हे उघड आहे. शिवाय मिसरमध्ये यहुदी संपलेही नाहीत; काही शतकांनी आलेक्सांद्रियातल्या यहुद्यांनी आपलं शास्त्र ग्रीकमध्ये आणलं. नाशाचा हिशेब इतका सोपा नसतो.

हे यिर्मयाच्या पुस्तकालाही ठाऊक असावं, कारण चव्वेचाळिसाव्या अध्यायात ते विरुद्ध बाजूला मनसोक्त बोलू देतं. स्त्रिया आणि त्यांचे नवरे म्हणतात, आकाशराणी या देवीला धूप जाळत होतो तोवर पोटाला भाकरी होती. तो बंद केला आणि उपासमार सुरू झाली. यिर्मया म्हणतो, त्या धुपानेच हे दिवस आले. पुरावा दोघांचाही तोच, जळून गेलेलं शहर. कोणाचा शब्द खरा ठरतो ते उरलेल्यांना कळेल, एवढं बजावून, ज्यांनी त्याला तिथवर आणलं त्यांच्याशीच म्हातारा यिर्मया वाद घालत राहतो.