सहा रीम कागद

घरात कांद्याच्या भावावरून वाद चालू असतो, तेव्हा मी ओट्यावर बसून खून कुठे करायचा याचा विचार करत असतो.

खून कादंबरीतला. मला कोझी मिस्टरी लिहायचीय. म्हणजे रक्ताचा सडा नाही, पाठलाग नाही. छोटंसं गाव, सगळे एकमेकांना ओळखणारे, आणि मध्ये एक प्रेत. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल विणकाम करता करता खुनी शोधते, देवळ्यातली बाई कांदे निवडता निवडता शोधेल. मराठीत रहस्यकथांची वानवा नाही, एकट्या बाबुराव अर्नाळकरांनीच हजाराच्या वर लिहिल्या. पण त्यांचे झुंजार आणि काळापहाड मर्दानी गडी. मला हवी होती गावी परतलेली एक निवृत्त मुद्रितशोधक मावशी, जिला चुकीची वेलांटी दिसली की झोप येत नाही.

मरणारा माणूस प्रकाशक, हे मात्र पहिल्यापासून ठरलेलं.

अण्णांनी एक कादंबरी छापून घेतली होती. स्वखर्चाने. एका हंगामाचे कांद्याचे पैसे, हजार प्रतींसाठी. घरी शंभर आल्या. बाकीच्या 'वितरणात' आहेत असं फोनवर कळायचं, मग फोनच उचलला जाईना. अण्णा त्यावर कधी बोलले नाहीत. लिहिलंही नाही पुन्हा काही.

मावशीसाठी पुरावा मी तिथूनच काढला. डेमी आकाराच्या एका कागदावर दोन्ही बाजू मिळून सोळा पानं छापतात, तो एक फर्मा. 160 पानांचं पुस्तक म्हणजे दहा फर्मे, प्रतीमागे दहा कागद. हजार प्रतींना 10,000 कागद, 500 ची एक रीम धरली तर वीस रीम, नासाडी वेगळी. मेलेल्या प्रकाशकाच्या टेबलावर मावशीला कागदाचं बिल सापडतं: सहा रीम. म्हणजे छापल्याच तीनशे. (हे गणित जमलं त्या रात्री मी खरंच एकटा हसलो.)

मग संशयितांची यादी केली. छापखानेवाला, भागीदार, फसलेले लेखक. खून करायला सगळ्यांत भक्कम कारण कुणाकडे? खेड्यातल्या एका शेतकरी लेखकाकडे. मी वही मिटली.

अण्णांनी ती कधी वाचली माहीत नाही. जेवताना म्हणाले, "त्याले मारू नको."

"का?"

"मेला तर हिशेब कोण देईल?"

मुद्दा बरोबर होता. प्रेत काढून टाकलं. आता कादंबरीत सातशे पुस्तकं हरवली आहेत आणि प्रकाशक जिवंत आहे, घामाघूम. पण जी छापलीच नाहीत ती हरवली कशी म्हणायची, यावर मावशी अडून बसलीय.

परवा अण्णा माळ्यावर चढले. बराच वेळ खडखड चालली होती. धुळीने माखून खाली आले आणि मला आकडा सांगितला.

"एकाहत्तर आहेत. तुझ्या मावशीला सांग."