‘बलुतं’वर वर्गात कुणी बोलायचे?



कॉलेजात मराठीच्या वर्गात काही ठिकाणी एक चांगली पद्धत दिसते. सर टेबल सोडून बाकावर बसतात आणि एखादा विद्यार्थी पुढे येऊन पुस्तकावरची चर्चा चालवतो. कुणी त्याला सेमिनार म्हणते, कुणी गटचर्चा. नोट्स उतरवून घेण्यापेक्षा हे कधीही चांगले. पण या चर्चेसाठी कोणते पुस्तक कुणाच्या हातात दिले जाते, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

बीड जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात मी बी.ए.ला होते. सरांनी वर्गात विषय वाटले. कुणाला मुकुंदराज मिळाले, कुणाला केशवसुत, कुणाला मर्ढेकर. मला मिळाले ‘बलुतं’. कारणही सांगितले गेले, “तुला सोपं जाईल, तुमच्या घरातलंच आहे.” मी आठ दिवस खपून तयारी केली. दया पवारांनी १९७८ सालचे हे आत्मकथन सरळ ‘मी’ म्हणून का सांगितले नाही? दगडू बोलतो आणि दया पवार ऐकतात, अशी मांडणी का केली? शिकून पुढे गेलेल्या माणसाला स्वतःचे जुने नाव परके का वाटते? मला यावर वर्गाशी बोलायचे होते.

पहिला प्रश्न आला, “तुमच्याकडं अजून असं असतं का?” दुसरा आला, “तुझ्या आजोबांनी ढोरं ओढली का?” पुढचा सगळा तास माझ्या घरावर गेला. पुस्तक मिटलेलेच राहिले. मुकुंदराजांवर बोलणाऱ्या मुलाला मात्र ‘विवेकसिंधु’तल्या गुरू-शिष्यांच्या संवादावर प्रश्न आले. त्याच्या आजोबांची चौकशी कुणी केली नाही.

माझा मुद्दा इथेच आहे. एकाच वर्गात काहींना वाचक मानले जाते आणि काहींना साक्षीदार. वाचकाला ‘तुझे मत काय’ असे विचारतात. साक्षीदाराला ‘तुझ्यावर काय गुजरले’ एवढेच विचारतात. वरून हे सहानुभूतीसारखे दिसते, पण ज्ञानाची मालकी जुन्याच हातात राहते. अनुभव आमचा आणि अर्थ लावणार ते, ही वाटणी बलुतेदारीपेक्षा फार वेगळी नाही.

बाबासाहेबांनी ही वाटणी फार आधी मोडली. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. अस्पृश्यतेचे चटके त्यांनी लहानपणापासून सोसले होते. पण त्या निबंधात आपबिती नाही. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर यांच्या व्याख्या त्यांनी एकेक करून तपासल्या आणि जातीच्या मुळाशी जातीअंतर्गत विवाह आहे, असा स्वतःचा सिद्धान्त मांडला. आपबिती त्यांनी पुढे लिहिली, ती ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये, स्वतः ठरवून. कुणी वर्गात उभे करून विचारले म्हणून नव्हे.

१९५० मध्ये औरंगाबादला सुरू केलेल्या कॉलेजला त्यांनी नाव दिले तेही ‘मिलिंद’, म्हणजे भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा राजा. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन चर्चेआधी राजाला एक अट घालतो. पंडितासारखा बोलणार असशील तर बोलू, राजासारखा बोलणार असशील तर नको. पंडिताचे म्हणणे खोडले तरी तो रागावत नाही. राजाला विरोध केला की तो शिक्षा देतो. राजा ही अट मान्य करतो आणि मग प्रश्न सुरू होतात. वर्गातल्या चर्चेसाठी याहून चांगला नियम मला माहीत नाही. सर बाकावर बसले, पण अंतर्गत गुणांची भीती तशीच राहिली, तर मुले राजासमोरच बोलत असतात.

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्याची. आज मी ऊसतोड कुटुंबांतल्या मुलांबरोबर काम करते. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. घरात उचल घेतलेली असते, त्यामुळे कॉलेजात नाव असलेला मुलगाही फडावर जातो किंवा धाकट्या भावंडांसाठी घर सांभाळतो. त्याच्या चर्चेची तारीख जानेवारीत आली, तर कागदावर ‘गैरहजर’ एवढीच नोंद होते. पुस्तक वाचलेले असूनही तो गप्प ठरतो.

म्हणून विद्यार्थी संघटनांनी आपापल्या कॉलेजात या मागण्या मांडाव्यात. पुस्तके चिठ्ठ्या टाकून वाटा. ‘बलुतं’ देशमुखांच्या मुलाकडेही जाऊ द्या आणि मुकुंदराज आमच्या मुलीकडे येऊ द्या. अंबाजोगाईतली त्यांची समाधी आमच्याही जिल्ह्यातली आहे. प्रश्न पुस्तकावर विचारा. घरचे सांगायचे की नाही, हे बोलणारा ठरवेल. ऊसतोडीला जाणाऱ्यांना पावसाळ्यातल्या तारखा द्या. सरांनी शेवटी बोलावे.

काही कार्यकर्ते म्हणतील, दलित साहित्यावर आमच्याशिवाय दुसऱ्याने का बोलावे? मला हे पटत नाही. ज्यांच्या पूर्वजांनी गावकुसाच्या आतून हे पाहिले, त्यांनी ‘बलुतं’ हातात घेऊन वर्गापुढे उभे राहावे आणि आमच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. तेही शिक्षणच आहे. आपलीही एक जबाबदारी आहे. पुढे उभे राहिल्यावर फक्त भावना मांडून भागणार नाही. पुस्तक दोनदा वाचा, वहीत मुद्दे काढा, विरोधातला मुद्दा आधीच शोधून ठेवा. बाबासाहेबांनी चार अभ्यासकांना वाचून मगच पाचवी मांडणी केली होती.

पुढच्या सत्राची पुस्तके वाटली जातील तेव्हा हात वर करा आणि म्हणा, “सर, मला मुकुंदराज द्या.”

जय भीम!