संपर्क

भाषाव्यवहाराचे सहा घटक सांगताना रोमान याकोब्सनने (१९६०) ‘संपर्क’ हा स्वतंत्र घटक मानला. निरोपाआधी वाट चालू आहे ना, एवढेच पाहणारी भाषा. वर्गात यासाठी मी टेलिफोनवरच्या ‘हॅलो’चे उदाहरण देतो. आता आणखी एक सापडले आहे.

वसतिगृहातून दिवाळीला आलेल्या मुलाचा बिनतारी कंट्रोलर घरच्या कन्सोलशी जुळेना. तिकडे तो मित्राच्या कन्सोलशी जोडला होता, आणि असा कंट्रोलर शेवटच्या जोडीदारालाच हाक घालीत राहतो. दिवा लुकलुके, विझे. केबल लावली तर चार्ज होई, ओळख मात्र पटेना. काही केबलींत केवळ वीज नेणाऱ्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतात. अखेर मागच्या बारीक छिद्रात टोक खुपसून पाच सेकंद दाबले, जुनी ओळख पुसली, दुसरी केबल लावून मधले बटण दाबले. दिवा स्थिरावला.

त्या तासाभरात आमचे बोलणे एवढेच : ‘लागला?’ ‘नाही.’ ‘आता?’ ‘बाबा, थांबा ना.’

आशयाच्या तराजूत या शब्दांना वजन नाही. फोनवरच्या ‘जेवलास?’ – ‘हो’लाही नाही. आपण समीक्षेची माणसे आशयामागे धावतो. परंतु तान्ह्या मुलाला भाषेचे पहिले कार्य साधते ते संपर्काचेच, असे याकोब्सन म्हणतो. मुले मोठी होऊन दूर गेली, की बापाच्या वाट्याला बहुधा तेच उरते. ते कमी आहे, असे मला वाटत नाही.