पडद्यामागचा माणूस

(तृतीय वर्ष, कला)

'हॅम्लेट'च्या तासाला सर पोलोनियसच्या मृत्यूचा प्रसंग शिकवीत होते. राणीच्या दालनात म्हातारा पडद्यामागे लपतो आणि हॅम्लेटची तलवार पडद्यातून आरपार जाते. "हा आपला खिडकीचा पडदा समजू नका," सर म्हणाले. "भिंतीवर टांगलेले ते विणलेले कापड होते. त्याला टॅपेस्ट्री म्हणतात. राजवाड्यांत अशा कापडावर चित्रेच्या चित्रे विणलेली असत."

विणलेली चित्रे म्हटल्यावर मी कान टवकारले. माझे आबा येवल्याला पैठणी विणतात. वर्गात मात्र ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. कोणी विचारलेच तर 'आमचा साड्यांचा व्यवसाय आहे' एवढे म्हणून मी मोकळी होत असे.

त्या दुपारी मी ग्रंथालयात बसून शोधाशोध केली. नाटकातले एल्सिनोर म्हणजे डेन्मार्कमधील हेल्सिंगोर. तिथल्या क्रोनबोर्ग किल्ल्यासाठी राजा दुसरा फ्रेडरिक याने १५८० नंतरच्या काही वर्षांत हान्स क्नीपर या चित्रकाराकडून डॅनिश राजांची चित्रे असलेले चाळीसेक पट करवून घेतले. त्यांतले थोडेच आज उरले आहेत.

पण मला नवल वाटले ते पुढच्या हकिकतीचे. कोपनहेगनला क्रिस्तियान्सबोर्ग राजवाडा आहे. त्याच्या पायाखाली बिशप अ‍ॅब्सलॉनच्या बाराव्या शतकातल्या गढीचे अवशेष आहेत. १९९० साली तेव्हाच्या राणी मार्ग्रेथे पन्नास वर्षांच्या झाल्या. त्या निमित्ताने डॅनिश उद्योगांनी या राजवाड्याच्या मोठ्या दालनासाठी नवे पट भेट द्यायचे ठरवले. जुन्या पटांच्या नकला न करता आजच्या एका चित्रकाराला, ब्यॉर्न नोर्गारला, चित्रे काढायला सांगितले. व्हायकिंगांपासून आपल्या काळापर्यंत डेन्मार्कचा हजार वर्षांचा इतिहास त्याने रंगवला. त्यावरून फ्रान्समध्ये, मुख्यतः पॅरिसच्या गोब्लँ विणशाळेत, सतरा पट विणले गेले. २००० साली, राणींच्या साठाव्या वाढदिवशी, ते भिंतींवर चढले.

दिवाळीच्या सुट्टीत त्या पटांच्या छायाचित्रांच्या प्रती घेऊन मी घरी गेले. आबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. एक प्रत त्यांनी हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि बराच वेळ पाहिली.

"हे कसं विणतात, लिहिलंय का?"

मी वहीतले वाचून दाखवले. आडवा धागा या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. जिथे जो रंग हवा, तेवढ्याच जागेत तो फिरतो आणि परत वळतो.

"मग हा आपला पदरच की गं!" आबा हसले. त्यांच्या मागावर पदराच्या रुंदीभर रंगीत रेशमाच्या लहान लहान कांड्या लोंबत होत्या. लहानपणी त्या मीच भरत असे.

"चित्र कोणी काढलं?"

मी मोठ्या तोऱ्यात नोर्गारचे नाव सांगितले.

"आणि विणलं कोणी?"

मी वही चाळली. चित्रकाराचे नाव दोनदा अधोरेखित केलेले होते. विणणाऱ्यांपैकी एकाचेही नाव मी टिपले नव्हते. शोधावे असे सुचलेसुद्धा नव्हते. गोब्लँच्या उभ्या मागावर विणकर पटाच्या पाठीमागे बसतो आणि पुढची बाजू आरशात पाहतो, हे मात्र मी कौतुकाने लिहून घेतले होते. चित्रकार कुंचल्यावर रंग मिसळतो. विणकराला तीच छटा रंगवलेल्या धाग्यांतून निवडावी लागते. अशी दहा वर्षे ज्यांनी काम केले, ती माणसे माझ्या वहीत पडद्यामागेच राहिली होती.

मी गप्प झालेली पाहून आबा म्हणाले, "त्या चित्रकारावर रागावू नको. त्यानं नवं चित्र दिलं म्हणून विणणाऱ्यांना नवं काम मिळालं. माझा जन्म मोर, पोपट आणि कमळ विणण्यात गेला. कोणी नवं काही काढून दिलं, तर मी नाही का विणणार?"

एवढे बोलून ते पुन्हा कामाला लागले. मी शेजारी बसून कांड्या भरू लागले. सवय सुटल्याने धागा दोनदा तुटला. आबांनी न बोलता गाठ मारून दिली.

सुट्टी संपवून परतल्यावर परीक्षेचा अर्ज भरायचा होता. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात गेली दोन वर्षे मी 'व्यापार' लिहीत आले होते. या वेळी 'विणकर' लिहिले.