नात्यातले नकोत

माझी धाकटी बहीण गेली सात वर्षे इंग्लंडात, लेस्टर शहरी असते. एके रात्री तिचा फोन आला.

"दादा, मला ओळखणारी माणसं मोजायला बसलेय. दोन हवीत."

"दोनच? अगं, इथली अख्खी आळी उभी करतो!"

"इथली काय कामाची! आणि नात्यातली तर नकोतच."

ती ब्रिटिश नागरिकत्वाचा अर्ज भरत होती. तिथल्या जीवनाविषयीची २४ प्रश्नांची परीक्षा तिने कधीच पार केली होती. आठव्या हेन्रीच्या सहा बायका तिला क्रमवार पाठ! गाडे अडले ते दोन माणसांपाशी. अर्जदाराला किमान ३ वर्षे जातीने ओळखणाऱ्या दोघांनी सह्या करायच्या. एक कोणत्याही देशाचा चालेल, पण प्रतिष्ठित व्यवसायातला हवा. दुसऱ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट हवा. तो व्यावसायिक तरी असावा, नाहीतर २५ वर्षांवरचा तरी. व्यवसायांची यादीही दिलेली आहे. तीत दंतवैद्य आहे, छायाचित्रकार आहे, अंत्ययात्रेची व्यवस्था पाहणारादेखील आहे. आणि अध्यापक आहे! मराठीच्या अध्यापकाच्या सहीला विलायतेत किंमत आहे हे वाचून मी हर्षभराने पेनाचे टोपण काढले. तेवढ्यात पुढची अट दिसली. अर्जदाराचा नातेवाईक चालणार नाही.

म्हणजे जिला मी चालायला शिकवले, तिला मी ओळखतो असे म्हणायची मला सोय नाही! खरे सांगतो, मला राग आला. मग अण्णांची आठवण झाली. हिचे लग्न ठरत होते तेव्हा मुलाच्या मामांनी त्याचे तोंडभर कौतुक केले. अण्णांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी एकटेच त्याच्या घराखालच्या वाण्याकडे पावशेर साखर घ्यायला गेले. साखर आमच्या घरात होती. पोरगा उधारी वेळेवर देतो, एवढे ऐकून ते परतले आणि लग्न ठरले.

बहिणीनेही अखेर दुकानच गाठले. कोपऱ्यावरचे गुजराती केमिस्ट तिला पाच वर्षे ओळखत होते. इदी अमीनने १९७२ साली युगांडातून आशियाई लोकांना घालवले, तेव्हा हे लहानपणी आईबापांबरोबर लेस्टरला आले. त्याच वर्षी लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, की आमच्या गावी येऊ नका. तरी माणसे आलीच. "तुमच्या दोन सह्याच अडल्यात," केमिस्ट म्हणाले, "आम्हाला तर गावच नको म्हणत होतं." आणि त्यांनी लगेच सही ठोकली.

दुसरी सही अवघड. शेजारचे वृद्ध जोडपे दोन्ही सह्या करील असे तिला आधी वाटले होते. पण सह्या करणारेही एकमेकांचे नातलग असता कामा नयेत! आता केमिस्ट झाल्यावर आजीबाई पुरेशा होत्या. पण कुंपणावरून हवापाण्याचे दोन शब्द आणि कचऱ्याच्या डब्यांचा वार, एवढीच काय ती ओळख. मागायचे कोणत्या तोंडाने? चार दिवस ती दारापर्यंत जाऊन परत आली. पाचव्या दिवशी कागद दिला. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास दंड आणि तुरुंगही, असा तिथला कायदा. बाईंनी कागद ठेवून घेतला, "वाचून सांगते" म्हणाल्या आणि दार लावले. दोन रात्री माझ्या बहिणीच्या डोळ्याला डोळा नाही. "नाही म्हणाल्या तर, दादा? उद्यापासून त्या कुंपणाशी उभं कसं राहायचं?"

तिसऱ्या दिवशी बाई कोरा कागद घेऊन स्वयंपाकघरात येऊन बसल्या. म्हणाल्या, "मी तुला ओळखते असं लिहून द्यायचं, तर आधी ओळखायला हवं." दीड तास बसल्या. काम काय करतेस, आई कशाने गेली, गावाला नदी आहे का, सगळे विचारले. चहा दोनदा झाला.

"मग सही केली ना?" मी विचारले.

"केली रे," ती म्हणाली. मग जरा थांबली. "पण चार वर्षांत त्यांचं आडनाव मला माहीत नव्हतं, दादा. सहीखाली लिहिलं तेव्हा कळलं."